मालवणहून आणलेला थकवा

मालवणहून परत आल्यावर पहिल्याच सोमवारी मी शाळेच्या चढणीवर मध्येच बसले. दम खायला म्हणून नव्हे, पाय पुढे उचलेना म्हणून. पायवाटेच्या कडेला एक सपाट दगड होता. त्यावर पर्स ठेवली आणि शेजारी मी टेकले. वर शाळेत प्रार्थना सुरू झालेली ऐकू येत होती. दुसऱ्या गुरुजींनी माझी वाट न बघता मुलांना उभं केलं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर महाडात, शाळा पोलादपूरच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीवर. सकाळी एसटीने पोलादपूर, तिथून मिनिडोअर रिक्षाने फाट्यापर्यंत आणि पुढे पायवाट. वर्षानुवर्षं मी ती चढत आले होते. वाडीतल्या बायका म्हणायच्या, "बाई आमच्यापरीस बेगीन येतात वर." ते पूर्ण खरं नव्हतं. निम्म्या वाटेवर मी थांबायचे, फोन बघतेय असं दाखवून. पण चाळिशी ओलांडलेल्या कुठल्या बाईला दम लागत नाही, असं धरून मी चालले होते.

त्या सोमवारचं मात्र वेगळं होतं. दम लागला की थांबावं, थांबलं की तो ओसरतो, हे मला माहीत होतं. इथे मी थांबले आणि काहीच ओसरलं नाही. रात्रभर भात लावून आल्यासारखं अंग जड झालं होतं, आणि मी तर नुकतीच सुट्टीवरून आले होते.

सुट्टी मुलीच्या हट्टामुळे घडली होती. ती पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. डिसेंबरात घरी आली आणि म्हणाली, "आई, आपण मालवणला जाऊ. तू पाण्याखाली एकदा तरी बघायलाच हवं."

"मला पोहता येत नाही."

"पोहावं लागत नाही गं. तो माणूस हाताला धरून नेतो."

माझे यजमान महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ऑपरेटर आहेत. ते म्हणाले, "मी बोटीत बसतो. तुमचे कपडे सांभाळायला कुणीतरी पाहिजे."

मला खरंच जायचं होतं. महाडात राहणाऱ्या माणसाला पाणी काय असतं ते सांगावं लागत नाही. पुरात सावित्री नदी घरात शिरलेली मी पाहिली आहे, भिंतीवरचा तिचा चिखल खरवडून काढला आहे. पण निळं, तळापर्यंत दिसणारं पाणी मी फक्त फोनवर बघितलं होतं. त्यात आपण शिरायचं, ही कल्पना मला दोन रात्री झोपू देत नव्हती.

बोटीवर ज्याच्याबरोबर मी जाणार होते त्या माणसाने विचारलं, "दमो, बीपी, हार्टचो काय त्रास?"

"नाही," मी म्हणाले. माझ्या माहितीप्रमाणे तेच उत्तर बरोबर होतं.

रबरी सूट अंगाला इतका घट्ट बसला की बाह्या ओढतानाच मी दमले. पाठीला टाकी, तोंडात नळी. आधी शिडीला धरून तोंडाने श्वास घ्यायला शिकवलं, मग त्याने माझा दंड धरला आणि आम्ही खाली गेलो. पहिले काही क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या काचेपाशी येऊन वळत होते. एक तर माझ्या बोटाला तोंड लावून गेला. मी हसले, तशी नळीच्या कडेने थोडं पाणी तोंडात आलं.

मग छाती भरून आली. कुणी ओलं गोणपाट वर टाकावं तसं. नळीतून हवा येत होती, तिची थंडी घशाला कळत होती, पण ती आत पोचत नव्हती. मी जोरजोरात ओढायला लागले. त्या माणसाने बोटांचं वर्तुळ करून विचारलं, ठीक आहे ना? मी अंगठा वर केला. वर न्या, एवढीच खूण मला आठवली. वर येईपर्यंत खोकला सुरू झाला होता. शिडीवर मला दोघांनी ओढून घेतलं. यजमानांनी टॉवेल पुढे केला, त्यावर मी थुंकले. फेस होता, किंचित गुलाबी. नळी चावून हिरडी फुटली असेल, असं मला वाटलं.

"खारा पाणी गेला असात," तो माणूस म्हणाला. "पयल्यांदा व्हता तसा."

मुलगी माझ्यानंतर गेली आणि वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बिघडवायचं नव्हतं. दुपारी जेवताना सुरमईचा तुकडा तसाच ठेवला. परतीच्या वाटेवर गाडीत मी बसल्या बसल्या झोपले, तेव्हा यजमान म्हणाले, "दमलीस. घरी गेल्यावर दोन दिवस आराम कर."

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले आणि थकवा तिथेच होता.

तो कसा होता हे सांगणं मला तेव्हाही जमलं नाही. लोकांना ताप कळतो, जुलाब कळतात. थकवा म्हटलं की समोरचा म्हणतो, मीही दमतो. मी तांदूळ धुवायला घ्यायचे आणि दुसऱ्या पाण्याला हात थांबायचे. केस विंचरायला हात वर धरवत नसत, म्हणून मी ते नुसते गुंडाळून ठेवायला लागले. न्हाणीघरातून बाहेर आले की पलंगाच्या कडेला बसायचे आणि साडी नेसायला उठायचं आहे हे माहीत असूनही बसून राहायचे. आडवी झाले तर छाती दाटायची, म्हणून एकाच्या तीन उशा झाल्या. तेही अंगवळणी पडलं.

पोलादपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितली. "रक्त कमी आहे," म्हणाले. लोहाच्या गोळ्या दिल्या, सलाईन लावलं. सलाईनने मला त्या दिवशी जास्तच दाटलं. पुढे महाडात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मी मालवणचं सांगितलं. ते हसले. "मॅडम, तुम्ही एकदम पाणबुड्याच झालात की." मग छातीत कफ आहे म्हणून अँटिबायोटिक दिलं. थायरॉईड तपासला, तो बरोबर निघाला. पुढच्या खेपेला त्यांनी माझं वय विचारलं, पाळीचं विचारलं आणि म्हणाले, "या वयात असं होतं. चिडचिड होते, झोप लागत नाही, धडधड होते. घरात काही टेन्शन?"

"नाही."

"मन दुसरीकडे गुंतवा," म्हणाले आणि एक छोटी गोळी लिहून दिली. ती घेतली की मी दिवसभर गुंगीत असायचे. थकवा गुंगीच्या आत जागाच.

धडधड होती, हे खरं. हृदय छातीत पळत नव्हतं, ठेचकाळत होतं. पण डॉक्टर स्वतःच ते वयाचं म्हणाल्यावर मी पुढे काय सांगणार?

घरात माझ्या सासूबाई आहेत. त्यांना पहिल्या दिवसापासून कारण माहीत होतं. "दर्या आपला नाय, गो," त्या म्हणायच्या. "तुला कोनी सांगितलावता त्याच्या पोटात शिरायला?" एका संध्याकाळी मी पडले होते तेव्हा त्या मीठ आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन आल्या. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत. असलं काही आमच्यात होत नाही, हे त्यांनीच मला लग्नानंतर सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"आपल्यात मानत नाय ह्ये," त्या म्हणाल्या. "पन तू बरी होत असलीस तं माझा काय जातंय?" त्यांनी मूठ माझ्यावरून उतरवली आणि चुलीत टाकायला निघून गेल्या. मिरच्यांचा ठसका मला लागला आणि मग खोकला थांबेना. त्या दारात उभ्या राहून रडायला लागल्या.

शाळेचं आणखी अवघड होतं. वाडीवर पोचायला मला इतका वेळ लागायचा की पहिला तास संपलेला असायचा. गुरुजी चांगले होते, काही बोलत नसत. एकदा मी चौथीला कविता वाचून दाखवत होते आणि ओळीच्या मधोमध माझा आवाज संपला. नुसता संपला. तोंड उघडं, हातात पुस्तक आणि पुढचा शब्द समोर दिसतोय. मुलांना वाटलं, पुढचं त्यांनी म्हणायचं आहे. ती सुरात म्हणायला लागली. मी खुर्ची धरून उभी राहिले. कविता संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, कारण मी थांबा म्हणाले नव्हते.

त्या दिवसापासून मी रजा टाकली.

घरी बसून माणूस बरा होतो, हा माझा समज त्या रजेत मोडला. शाळेत निदान जाण्याचं कारण होतं. इथे मी खिडकीपाशी बसायचे. समोरच्या घरातल्या भाभींचे यजमान कुवेतला, त्या एकट्याने सगळं घर ओढायच्या. जिन्याने गॅस सिलिंडर चढवून घेताना त्या मला दिसायच्या आणि मला त्यांचा राग यायचा. मग त्याच संध्याकाळी भाभी माझ्यासाठी खिचडा घेऊन यायच्या आणि मला स्वतःचा राग यायचा. मला वाटायला लागलं की डॉक्टर बरोबर असतील. मला काहीच झालेलं नसेल, मीच अशी झाले असेन, आणि आता पुढे आयुष्यभर अशीच असेन. मरणाची भीती त्यापुढे काहीच नव्हती. खरं सांगायचं तर काही दुपारी मला मरणच बरं वाटायचं. झोपेसारखं असेल, आणि मला झोपच तर हवी होती.

यजमानांशी भांडण झालं ते त्याच सुमारास. ते ड्युटीवरून आले, स्वयंपाकघरात गेले. भांडी सकाळची तशीच होती. ते काही वाईट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "तू मनावर घेतलंयस. थोडं उठून फिरलीस तर बरं वाटेल."

"मी खोटं बोलते का?"

"मी असं म्हणालो का?"

"मग काय म्हणालात?"

मला ओरडायचं होतं, पण ओरडायलाही श्वास लागतो. मी भिंतीला टेकून नुसती रडले. थोड्या वेळाने ते फणी घेऊन आले आणि माझ्या मागे बसले. कित्येक दिवस केसांना फणी लागली नव्हती. त्यांना गुंता सोडवता येत नव्हता, ते वरून खाली ओढत होते आणि दर खेपेला "दुखलं?" म्हणून विचारत होते. दुखत होतं. मी नाही म्हणत होते.

मुलीला आम्ही खरं सांगत नव्हतो. ती फोनवर विचारायची, मी "बरंय" म्हणायचे. पण "बरंय" या एका शब्दातही मला मध्ये श्वास घ्यावा लागतो, हे तिने ऐकलं. वरंधच्या घाटातून येणारी गाडी पकडून ती न सांगता आली. मला बघितल्यावर तिने पिशवी खाली ठेवलीच नाही, खांद्याला तशीच होती.

"मीच नेलं तुला," ती म्हणाली.

पुण्यात तिने आधीच सगळं वाचून ठेवलं होतं. पाण्यातून वर आल्यावर रक्तात बुडबुडे होतात, ते कुठेही अडकतात आणि पहिलं लक्षण नुसता थकवा असू शकतं. त्यावर उपाय म्हणजे एका बंद टाकीत बसवून दाबाखाली प्राणवायू देणं. तशी सोय मुंबईत होती. उशीर झाला तर उपयोग होईलच असं नाही, हेही तिने वाचलं होतं. तिने अशा आजारांच्या एका डॉक्टरांचा नंबर मिळवला होता. दुपारी तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. यजमान, सासूबाई, आम्ही सगळे पलंगाभोवती.

तिने घाईघाईने सगळं सांगितलं. पलीकडच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता आईंना बोलू दे. आई, किती खोल गेला होतात?"

"फार नाही. दुमजली घराएवढं असेल."

"एकदाच? आणि लगेच वर आलात?"

"हो."

"इतक्या उथळ पाण्यात, इतक्या थोड्या वेळात बुडबुड्यांचा आजार सहसा होत नाही. अशक्य म्हणत नाही, पण माझं मन तिकडे जात नाही." मुलीने माझ्याकडे बघितलं. तिचा एकमेव धागा हातातून सुटत होता. डॉक्टर पुढे विचारत राहिले. बोटीतल्या आणखी कुणाचं डोकं दुखलं का, मळमळलं का? पाठीवरच्या टाकीत हवा भरताना धूर शिरला तर तसं होतं. कुणाला काही झालं नव्हतं. माझ्या कानात दडे बसले का, चक्कर येते का? नाही. पायाला मुंग्या, लघवीला अडचण? नाही. ताप येऊन गेला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखल्या? "तुमच्याकडे लेप्टोचा ताप असतो म्हणून विचारतो," ते म्हणाले. तेही नव्हतं. दर 'नाही'बरोबर मला वाटत होतं, आता हेही म्हणणार, मन दुसरीकडे गुंतवा.

"खोकला पाण्यात सुरू झाला की बोटीवर?"

"पाण्यातच. आधी छाती भरली, मग खोकला."

"थुंकीत काय होतं?"

"फेस होता. गुलाबीसर."

डॉक्टरांनी 'गुलाबीसर' हा शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला.

"आता उताणं झोपता येतं?"

"नाही. तीन उशा लागतात."

"हे तुम्ही इतर डॉक्टरांना सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही."

"बरं. माझं ऐका. पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे लोटलं जातं. हृदय चांगलं असेल तर ते निभावतं. हृदयात कुठे अडथळा असेल तर ते रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी उतरतं. तुमच्या तोंडातून आला तो फेस तोच होता. आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, इको करून घ्या. त्या बंद टाकीचा, चेंबरचा विचार सध्या सोडा."

सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे दर्यानं नाय केलान?"

"दर्याने दाखवून दिलं असेल, आजी," ते म्हणाले.

महाडात मुंबईहून एक हृदयाचे डॉक्टर ठरलेल्या वारी यायचे. त्यांचा तो वार नव्हता. यजमानांनी कारखान्यातल्या मित्राची गाडी आणली आणि आम्ही माणगावला गेलो. डॉक्टर अगदी तरुण होते. त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवलं आणि स्टेथोस्कोप एकाच जागी इतका वेळ धरला की मला वाटलं, ते विसरले. मग छातीला थंडगार जेल लावून यंत्र फिरवलं. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी उघडझाप करत होतं.

"ही झडप बघा," ते म्हणाले. "हिने दारासारखं पूर्ण उघडायला पाहिजे. तुमची नुसती फट होते. आणि ठोक्यांचा ताल सुटलाय. ठोके अनियमित झालेत, म्हणून एवढा थकवा." त्यांनी हातातलं यंत्र बाजूला ठेवलं. "लहानपणी सांधे सुजायचे का?"

मी नाही म्हणणार होते. मग आठवलं.

माझं माहेर शिवथरच्या खोऱ्यातलं. एका पावसाळ्यात माझा गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा सुजला, मग कोपर. अंगात ताप. आई निरगुडीच्या पाल्याने शेकायची आणि मी तिला हात लावू देत नसे. शेवटी वडिलांनी मला पाठीवर घेतलं आणि भर पावसात एसटीच्या रस्त्यापर्यंत चालत आणलं. महाडच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं की हे दर महिन्याला घ्यायचं, खूप वर्षं. काही महिने वडील मला आणत राहिले. मग मी पळायला लागले, ओढ्यात डुंबायला लागले. पळणाऱ्या पोरीला सुई टोचायला कोण आणणार? त्या काळी तिथून महाडला येणं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणं होतं. आता आई-वडील दोघंही नाहीत. त्यांना कुणी सांगितलं असतं की घशाच्या साध्या दुखण्यातून सांध्यांत आलेलं हे दुखणं सांधे सोडून देतं आणि हृदय धरून ठेवतं, तर त्यांनी मला पाठीवर घेऊन मुंबईपर्यंत चालत नेलं असतं.

"बाळंतपणात त्रास झाला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

झाला होता. शेवटच्या महिन्यात मी बसून झोपायचे. सगळ्यांनी अशक्तपणा म्हटलं होतं. मुलगी तिथेच उभी होती. तिने चेहरा फिरवला.

रोगाचं नाव कळलं की सुटका होते असं मला वाटायचं. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आम्ही गेलो तेव्हा मी जवळजवळ आनंदात होते. मांडीच्या शिरेतून फुगा आत नेऊन झडप उघडतात, छाती फाडावी लागत नाही, दोन दिवसांत घरी, असं माणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी अन्ननलिकेतून नळी घालून आणखी एक तपासणी केली. ती झाल्यावर डॉक्टरीण बाई माझ्याशी न बोलता यजमानांना बाहेर घेऊन गेल्या.

हृदयाच्या एका कोपऱ्यात रक्ताची गुठळी झाली होती. ताल सुटल्यावर रक्त तिथे साकळलं होतं. फुगा आत नेताना ती सुटली तर मेंदूत जाणार. म्हणून फुगा आता नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायच्या, घरी जायचं, काही आठवडे थांबायचं आणि पुन्हा बघायचं. विरघळली तर ठीक. नाहीतर छाती उघडून झडपच बदलायची.

"आणि तोवर ती सुटली तर?" मी विचारलं.

"म्हणून तर गोळ्या," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

ते आठवडे सगळ्यात वाईट होते. आधी मला काहीच झालेलं नाही असं सगळे म्हणत होते. आता माझ्या छातीत काय आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी काही करू शकत नव्हतं. मी मोठ्याने खोकायला घाबरायचे. कूस बदलायला घाबरायचे. दिवसातून कितीदा तरी मी दोन्ही हात वर करून बघायचे, आरशात हसून बघायचे, तोंड वाकडं तर होत नाही ना. मुलगी पुण्याला परत जायला तयार नव्हती. ती मला भाजी निवडून दाखवायची, गोष्टी सांगायची, आणि मध्येच थांबून माझं नाव विचारायची, मी नीट बोलते का ते बघायला. आईचं नाव आईलाच विचारणारी ती पोर बघून मला तिच्यासमोर रडताही येत नसे.

यजमान ड्युटीला जाताना दारात थांबायचे. एकदा म्हणाले, "मी 'मनावर घेतलंयस' म्हणालो होतो."

"जाऊ दे."

"जाऊ कसं देऊ," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दुसऱ्या तपासणीला गुठळी लहान झाली होती, गेली नव्हती. आणखी थांबा. त्या दिवशी मुंबईहून येताना दासगावजवळ मी यजमानांना गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून कठड्याला धरून उभी राहिले. सावित्रीला ओहोटी होती, दोन बायका गाळात शिंपल्या वेचत होत्या. मी त्यांना वाकताना आणि उठताना बघत राहिले. मला वाटलं, आता हे आपल्याला पुरे. मी तसं म्हणाले की नाही, आठवत नाही. यजमानांनी माझं मनगट धरलं ते गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही.

तिसऱ्या खेपेला गुठळी दिसली नाही. रुग्णालयातल्या त्याच मुक्कामात फुगा घातला. मी जागी होते. मांडीपाशी ओढल्यासारखं झालं, छातीत एकदा मोठा धक्का बसला आणि डॉक्टरीण बाई कुणाला तरी म्हणाल्या, "उघडली." वॉर्डात आणल्यावर मी उताणी पडले होते, आणि मला पडता येतंय हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. फुप्फुसं तळापर्यंत भरत होती. मुलगी उशाशी होती. मी तिला म्हणाले, "पुण्याला जा आता." ती हो म्हणाली आणि गेली नाही.

मी पूर्ण बरी झाले असं सांगता येणार नाही. ताल अजून सुटलेलाच आहे. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर, ते किती पातळ झालंय ते बघायला दर महिन्याला रक्त द्यायचं. भाजी चिरताना बोट कापलं तर घरात धावपळ होते. झडप पुढे पुन्हा अरुंद होऊ शकते. बदली होऊन आता रस्त्यालगतच्या शाळेत आहे. समुद्रात उतरायला अर्थातच बंदी. मुलगी अजून कधीतरी म्हणते, मीच नेलं. डॉक्टरांनी तिला समजावलं की मालवण नसतं तर एखादा ताप, एखादी धावपळ, कशानेतरी हे बाहेर आलंच असतं. तिला ते पटतं, असं ती म्हणते.

नव्या शाळेत यंदा एप्रिलात दुसरीतली एक मुलगी लंगडत यायला लागली. खेळताना पडली, असं तिच्या आईने सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिचा दुसरा पाय सुजला. मी तिच्या आईला व्हरांड्यात बसवून माझं सगळं सांगितलं, मालवणपासून मुंबईपर्यंत. ती ऐकत होती, पण लक्ष मुलीकडे. मुलगी पायरीवर बसून खडूने काहीतरी काढत होती.

"आता बरी हाय की ती," आई म्हणाली. "कालपास्ना सूज पन उतारली."

"म्हणूनच म्हणते. सूज उतरली तरी महाडला न्या. मी येते बरोबर."

ती आली. तपासणी झाली, पहिलं इंजेक्शन मुलीने दवाखाना डोक्यावर घेऊन घेतलं. दुसऱ्यालाही मी त्यांना स्टँडवर भेटले. तिसऱ्या वेळी त्या दोघी आल्या नाहीत. लावणीचे दिवस होते. मी शाळा सुटल्यावर त्यांच्या वाडीवर गेले. वाट सपाट होती, तरी दोनदा थांबले. आई शेतात चिखलात उभी होती, हातात रोपांची मूठ. मला बघून तिने पदराने तोंड पुसलं आणि बांधावर आली.

"उद्या आनतंय, बाई," ती म्हणाली.

"उद्या मी स्टँडवर आहे," मी म्हणाले, आणि बांधावर तिच्याशेजारी थोडा वेळ बसले.